विजेच्या सायकलचे मजबूत चाक



विजेची सायकल आता खेड्यापाड्यांतही नवलाईची राहिलेली नाही. पुष्कळदा जुन्याच सायकलचे चाक उतरवून, मध्यभागी मोटार असलेले चाक तिला बसविण्यात येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील अटी पाळणारी, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल ही मोटार वाहन गणली जात नाही. ही सवलत उपकारक खरीच. परंतु जशी नोंदणी नाही तशी नंतरची सक्तीची तपासणीही नाही. जो कारागीर चाक विणतो तोच त्याचा पहिला, आणि बहुधा शेवटचा, तपासनीस होय.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. लाकूड दाब सोसते. सायकलच्या तारेला, म्हणजे स्पोकला, दाब सोसत नाही. ती आधीच ताणून ठेवलेली असते, आणि भार आला म्हणजे खालच्या तारांचा ताण काहीसा उतरतो, इतकेच. चाक फिरते तशी प्रत्येक तार फेरीगणिक सैल होते व पुन्हा ताठ होते. २६ इंची चाक एका किलोमीटरला सुमारे ४८० फेरे घेते. रोज २० किलोमीटर जाणाऱ्या दूधवाल्याच्या सायकलीत प्रत्येक तारेवर हा प्रसंग दिवसाकाठी साडेनऊ हजारांहून अधिक वेळा येतो. तार तुटते ती सहसा एका खड्ड्याने नव्हे, तर या थकव्याने. आणि बहुधा मोटारीच्या कडेवरील छिद्रात, जेथे ती वाकविलेली असते तेथे.

मोटार जड, म्हणून तार जाड हवी, हा समज सार्वत्रिक आहे. मोटारीसोबत पुष्कळदा १२ गेजची, म्हणजे सुमारे २.६ मिलिमीटर जाडीची तार येते. वस्तुतः तेवढ्याच ताणाला जाड तार कमी लांबते. त्यामुळे खड्ड्यात रिम किंचित दबताच ती पुरती सैल पडते, छिद्रात हलू लागते आणि थकते. तिला पुरेशी ताणावी, तर साध्या रिमची छिद्रे चिरतात. १४ गेजची, २ मिलिमीटरची चांगली तार अशा वेळी अधिक टिकते. मात्र छिद्र तिला मोठे पडत असेल, तर तारेच्या डोक्याखाली वॉशर घालणे अगत्याचे आहे.

दुसरी चूक विणीची. साध्या चाकात एक तार इतर तीन तारांना ओलांडून जाते. मोठ्या मोटारीचा व्यास २० सेंटिमीटरांहून अधिक असतो. त्यामुळे जी तार एरवी सुमारे २६ सेंटिमीटर लांब, ती येथे १६ सेंटिमीटरांच्या आसपास येते. एवढ्या आखूड तारांची तिहेरी वीण केली, तर त्या रिममध्ये तिरप्या शिरतात आणि निपलपाशी मुडपतात. येथे एकच ओलांडणी पुरते. जुन्या तारा कापून वापरण्याची काटकसर कोणी करू नये. लांबी मोजूनच नव्या घ्याव्यात.

प्रत्यक्ष विणताना आट्यांना तेल द्यावे, सर्व निपल प्रथम सारखे फिरवावे, नंतर अर्ध्या-पाव फेऱ्याने ताण चढवावा. आऊट काढून झाल्यावर शेजारच्या समांतर तारा जोडीजोडीने मुठीत घट्ट दाबाव्यात. ही क्रिया घाईत गाळली जाते. पण वाकणातील साचलेला ताण तिनेच मोकळा होतो. शेवटी एका बाजूच्या तारा बोटाने छेडाव्यात. त्यांचा सूर मिळावयास हवा. यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही, फक्त कान हवा.

चाक उत्तम विणले तरी आस दुर्लक्षून चालत नाही. मोटार चाकाला पुढे ढकलते तेव्हा आसाला तितक्याच जोराने मागे पिळते. नट ढिला असेल, तर आस खाचेत फिरतो, विजेच्या तारा पिळून तुटतात; आणि मोटार पुढच्या चाकात असेल, तर चाकच चिमट्यातून निसटण्याचा धोका असतो. त्यावर बसलेली बहुधा शाळेला निघालेली मुलगीही असू शकते. आसाच्या चपट्या बाजूंवर बसणारी पोलादी आधारपट्टी चौकटीला आवळली म्हणजे हा धोका पुष्कळच टळतो.

नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही दिवसांत बसतात व थोड्या सैलावतात. तेव्हा आठवड्याभराने सायकल पुन्हा आणावयास गिऱ्हाइकास बजावून सांगावे, आणि त्या फेरीचे वेगळे पैसे घेऊ नयेत.