दोष वावराचाच का?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव, विजेचे बिल, कर्जाची वसुली यांवर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. आता आमच्या वाट्याला आलेला विषय असा आहे की तो चारचौघांत निघाला की पुरुष मंडळी तंबाखू मळायला बाहेर जातात आणि बाया तोंडाला पदर लावतात. मूल व्हावे म्हणून, आणि त्यातही मुलगाच व्हावा म्हणून, गावोगाव जे अंगारे, गंडे, दोरे आणि पुड्या चालतात त्यांचा हा विषय आहे. शेतकऱ्यांच्या बैठकीत हे कशाला, असे कोणी म्हणेल. कापूस विकून हाती आलेल्या पैशात सावकार आणि दुकानदार यांच्या मागोमाग हात घालतो तो हा पुडीवाला, म्हणून. त्याचे बिल नाही, पावती नाही, आणि फसलो म्हणून ओरडायचीही सोय नाही. ओरडले तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते.

आम्ही शेतीचे शिक्षण घेतले. त्यात पहिला धडा असा असतो की खत किंवा औषध लागू पडते की नाही हे पाहायचे तर शेजारी एक पट्टा तसाच सोडायचा. त्यात काही टाकायचे नाही. मग दोन्हीकडची बोंडे मोजायची, कणसे तोलायची. असा पट्टा न सोडता जो म्हणतो 'माझ्या टॉनिकने कापूस वाढला', त्याला विचारावे, पावसाने वाढला नाही कशावरून? पुडीवाल्यालाही एवढाच प्रश्न विचारायचा. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, पुडी आणणाऱ्या बाईला तर मुळीच हसायचे नाही. तिच्यावर घरातून काय काय बोलणी बरसतात ते तिलाच ठाऊक.

निसर्गात शंभर मुलींमागे साधारण एकशेपाच मुलगे जन्मतात. म्हणजे काहीही न करता शंभर बाळंतपणांत एक्कावन्न मुलगे ठरलेलेच. आता धरा, पुडीवाला पुडीला ५०० रुपये घेतो आणि वर हमी देतो की मुलगा नाही झाला तर पैसे परत. शंभर गिऱ्हाइके झाली, ५०,००० रुपये जमा झाले. गडी प्रामाणिक निघाला, त्याने एकूणपन्नास जणांचे पैसे मोजून परत केले, २४,५०० रुपये. उरले २५,५००. पुडीत चुलीतली राख असली तरी उरले! वर एक्कावन्न घरांतून पेढे आणि पंचक्रोशीत नाव. ज्याला मुलगी झाली तो गप्प बसतो, ज्याला मुलगा झाला तो दहा जणांना सांगतो. कापसाला अशी हमी कुणी दिली असती तर आपल्याला मेळावे भरवावे लागले नसते.

औषध न देता नुसते भाकीत सांगणाऱ्याची तऱ्हा निराळी. तोंडाने सांगतो 'मुलगा' आणि वहीत लिहून ठेवतो 'मुलगी'. मुलगा झाला तर वही कोणी मागत नाही. मुलगी झाली आणि बाप भांडायला आला तर वही उघडून दाखवायची, तुमच्या ऐकण्यात चूक झाली म्हणायचे.

मूलच होत नाही म्हणून जे जातात त्यांचा हिशेब थोडा वेगळा. ज्या जोडप्यांत काही दोष नाही अशा शंभरांपैकी ऐंशी-पंच्याऐंशींना वर्षाच्या आत दिवस राहतात. राहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षी राहतात. बाबाकडे माणूस कधी जातो? लग्नाला वर्ष उलटून सासू कुरकुरू लागली की. म्हणजे बाबाकडे येणाऱ्यांत ज्यांना पुढच्या वर्षी आपसूकच मूल व्हायचे आहे असे बरेच असतात. मृग कोरडा गेला, आर्द्रा अर्ध्या झाल्या, की गावात धोंडी निघते. त्यानंतर चार-आठ दिवसांत पाऊस येतोच, कारण तो यायचाच असतो. धोंडीच्या पोरांना पसाभर दाणे मिळतात, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. बाबा मात्र पसाभर दाण्यांवर भागवत नाही.

आता पुडी कधी घेतात ते पाहा. दिवस गेल्यावर, महिना दीड महिना झाल्यावर. मुलगा की मुलगी हे तर गर्भ धरला त्याच घडीला ठरलेले असते, आणि ठरते तेही बापाच्या बीजावरून. बाईच्या बीजात एकाच प्रकारचे रंगसूत्र असते, एक्स. बापाच्या बीजात काही एक्सवाले, काही वायवाले. वायवाले आधी पोहोचले तर मुलगा. ज्वारी पेरली, गुडघ्याला आली, आणि आता कोणी म्हणतो फवारा मारून हिची कपाशी करून देतो. त्याला आपण बांधावर तरी उभे करू का?

पण प्रश्न विचारणाऱ्याने उलट बाजूही पाहिली पाहिजे. सजीवांचे लिंग बाहेरून बदलतच नाही असे नाही. काकडी दोन-चार पानांवर असताना इथ्रेलची फवारणी केली की मादी फुले वाढतात. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. आणि आता तर गाई-म्हशींसाठी अशा रेतमात्रा मिळतात की दहात नऊ वेळा कालवडच होते. यात मंत्र नाही. एक्सवाल्या बीजात वायवाल्यापेक्षा रंगसूत्रांतले द्रव्य चार टक्क्यांच्या आसपास जास्त असते, तेवढ्या फरकावरून यंत्र ते वेगळे काढते. गंमत अशी की ज्या घरात म्हशीला पारडीच व्हावी म्हणून पैसे मोजतात, त्याच घरात सुनेला मुलगा व्हावा म्हणून पुडी येते.

सम रात्रीला मुलगा आणि विषम रात्रीला मुलगी हे मनुस्मृतीतही सांगितले आहे. २०२० साली एका कीर्तनकारांच्या अशाच विधानावरून राज्यात मोठा गदारोळ झाला. त्यावर रागावण्याआधी एवढे पाहा. पुरुषाचे बीज बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, बाईचे बीज एक दिवस टिकते. सम रात्रीचे बीज विषम दिवशीही फळू शकते. मग मोजणी कोणत्या रात्रीची धरायची?

राख असती तर निदान पैशावर निभावले असते. या पुड्यांत शिवलिंगीचे बी असते, मायफळ असते. बाईच्या शरीरातल्या संप्रेरकासारखे काम करणारी द्रव्ये त्यांत असतात. दीड-दोन महिन्यांचा गर्भ म्हणजे त्याचे हृदय, हातपाय, मेंदू घडण्याचे दिवस. हरियाणात अशा पुड्या घेतलेल्या बायांची पाहणी झाली, तेव्हा व्यंग घेऊन जन्मलेली आणि मेलेली जन्मलेली बाळे त्यांच्यात अधिक आढळली. तणनाशक फवारताना आपण शेजारच्या पिकाची काळजी घेतो. इथे तर उगवत्या कोंबावरच ओततो.

आणि पुडी हुकली की पुढची पायरी कोणती? सोनोग्राफी. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७. हे पुडीने झालेले नाही, पुडीत तेवढी ताकद नाही. पण मुलगी नको हे पुडी आधी घरात सांगून ठेवते.

याहून स्वस्त जादू म्हणजे नाव. चौथी मुलगी झाली की तिचे नाव नकुशी ठेवायचे, म्हणजे पाठीवर मुलगा येतो. पोरे जगत नसत तेव्हा मुलाचे नाव दगडू, धोंडू ठेवत, सटवाईची नजर चुकावी म्हणून. त्यात निदान पोर जगावे ही माया होती. नकुशीत ती नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावे जाहीर कार्यक्रमात बदलली, मुलींनी आपली नावे आपणच निवडली. जन्मभर हजेरीला 'नको असलेली' म्हणून हात वर करायचा, हे शब्द सोपे आहेत का?

आता मुद्द्याचे. तुमच्यात ज्यांनी संकरित ज्वारीचे बिजोत्पादन केले आहे त्यांनी आठवा. मादीच्या चार ओळी, नराच्या दोन. मादीची कणसे पोचट राहिली तर तुम्ही काय करता? नराच्या ओळींत जाता. नर आधी निसवला का, उशिरा निसवला, पराग पडला की नाही, पाऊस फुलोऱ्यात लागला का, सगळे पाहता. मागे पडलेल्या ओळींवर युरिया फवारता. मादी ओळीला शिव्या देऊन, तिला अंगारा लावून, दुसरी मादी आणून पेरत नाही. घरात मात्र पीक आले नाही की दोष वावराचा! मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही उणे असते. वयात आल्यावर झालेले गालगुंड, अंडाशी फुगलेल्या शिरा, विडी-तंबाखू. बाईच्या नळ्या क्षयाने किंवा जुन्या जंतुसंसर्गाने बंद झालेल्या असू शकतात, तेही तपासावेच. पण पुरुषाची तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, आणि होते सगळ्यांत शेवटी. पुष्कळदा दुसरे लग्न झाल्यावर!

फवारणीवाल्यांनी आणखी एक ऐकावे. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात सूत्रकृमी मारण्याचे डीबीसीपी नावाचे औषध तयार होत असे. तिथल्या कामगारांच्याच बोलता बोलता ध्यानात आले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला आणि कित्येकांच्या वीर्यात बीजच सापडले नाही. त्यांनी बायकांना कोणा बाबाकडे धाडले नाही, एकमेकांना विचारले. पंप पाठीवर घेऊन उघड्या अंगाने कपाशी फवारणाऱ्याने हे गाठीला बांधावे.

कायदाही सांगून ठेवतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधी लिंग निवडणेही त्यात आले. अशा उपायांची जाहिरात करणे हाही गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. पोटातल्या मुलाचे लिंग बदलून देतो म्हणणे आणि अलौकिक शक्तीने मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणे, ही दोन्ही त्यात गुन्हे म्हणून लिहिलेली आहेत. या दुसऱ्या कलमामागे किती बायांचे न बोललेले दुःख आहे ते या मांडवातल्या मायबहिणींना सांगायला नको.

मुलगा कशाला हवा, असे विचारले की उत्तर येते, सातबाऱ्यावर नाव कोण लावणार? वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मान्य केला. तलाठ्याकडे जाऊन तो किती जणांनी लावून घेतला, हात वर करा म्हटले तर मांडव शांत होईल. म्हणून म्हणत नाही.

एक काम मात्र सांगतो. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने अंगणवाडीच्या नोंदवहीवरून गेल्या पाच वर्षांत किती मुलगे आणि किती मुली जन्मल्या ते उतरवून आणावे. बायांच्या बैठकीत, पुरुषांना बाहेर बसवून, किती जणींना पुडी दिली गेली आणि त्यांतल्या किती जणींना मुलगा झाला हेही विचारावे. नाव एकीचेही लिहायचे नाही, फक्त आकडे. एका गावाच्या आकड्यावर काही ठरत नाही, म्हणून सगळ्या तालुक्याची बेरीज करू. पुडीवाल्यालाही त्या दिवशी बोलावू, खुर्ची देऊ, चहा पाजू. फळ्यावर एका बाजूला पुडीचा पट्टा, दुसऱ्या बाजूला बिनपुडीचा. पुढची बैठक ज्वारीची काढणी झाल्यावर आहे, तोवर आकडे यावेत.