मोडीतून उभे राहणारे स्मारक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 आपली जुनी वास्तू उतरवताना निघालेले सामान सध्या मागच्या अंगणात झाकून ठेवले आहे. त्यात खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा, शिवणवर्गाची यंत्रे आणि पितळी पातेली आहेत. हे सारे मोडीत विकून संस्थापक भगिनींचे संगमरवरी स्मारक करावे, की याच सामानातून शिल्प उभारावे, असा प्रश्न आपल्यापुढे आहे. त्याविषयी माझे विचार मी आज मांडणार आहे.

जुन्या वस्तूला नवा अर्थ देणे आपल्याकडे नवे नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तेथील पोर्तुगीज घंटा पुढे आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांतलीच म्हणून ओळखली जाते. विजयाची आठवण सांगायला वेगळा शिलालेख लागला नाही. घंटेनेच ते काम केले.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. इंग्लंडमध्ये ती १९४५ साली पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपल्यामुळे अपुरीच राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईत तिचे संग्रहालय होते. परंतु नौका जीर्ण झाली, जतनाचा खर्च पेलेना, आणि २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला. दारूखान्यात तिचे तुकडे करण्यात आले. त्यातलेच काही धातू घेऊन शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी स्मारक घडवले. नौदल गोदीच्या लायन गेटसमोर २५ जानेवारी २०१६ रोजी त्याचे अनावरण झाले.

भगिनींनो, या गोष्टीला दोन बाजू आहेत. तिचे लोखंड आज भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे उभे आहे, हे समाधानाचे. पण सुमारे सातशे फूट लांबीची नौका गेली ती गेलीच. शिल्प हे त्या नौकेची जागा घेऊ शकत नाही. म्हणून जे जपता येण्यासारखे आहे, ते आधी जपावे. जे खरोखर वाचत नाही, त्याचेच स्मारक करावे.

आफ्रिकेतील मोझांबिक देशातले उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चालले. युद्ध थांबले तरी बंदुका घरोघरी दडलेल्या होत्या. १९९५ मध्ये बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक उपक्रम सुरू झाला. बंदूक आणून द्यावी आणि तिच्या बदल्यात कुदळ, सायकल किंवा शिवणयंत्र घेऊन जावे, असा तो व्यवहार. निकामी केलेल्या बंदुकांच्या तुकड्यांतून मापुतो येथील चार कलावंतांनी 'जीवनवृक्ष' घडवला. तो २००४ चा असून आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आहे. बंदुकांचे भाग त्यात ओळखू येतात, आणि त्यातच त्याचे बळ आहे. सारे वितळवून ओतले असते, तर कशापासून झाले ते सांगावे लागले असते.

पण या उदाहरणातील एक गोष्ट आपण विसरू नये. तेथे शिल्पात गेली ती बंदूक. शिवणयंत्र गेले गरजवंताच्या घरी! आपल्या अंगणातील यंत्रांपैकी जे दुरुस्त होऊन चालेल, ते एखाद्या होतकरू भगिनीला द्यावे. ज्या संस्थापिकांनी बायकांच्या हाताला काम मिळावे म्हणून शिवणवर्ग काढला, त्यांच्या नावाने चालते यंत्र बंद पाडणे बरे दिसणार नाही.

उरलेल्या सामानातून शिल्पच करावे, असे माझे मत आहे. संगमरवर कोठलाही आणता येईल. हे गज मात्र आपलेच. त्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. यंत्रांचा सांगाडा बिडाचा असतो. बीड वेल्डिंगला सहज दाद देत नाही, तडकते. ते नटबोल्टने बसवावे. पितळ आणि लोखंड एकमेकांना भिडले आणि त्यांवर पाणी पडले, की लोखंड लवकर गंजते. म्हणून मध्ये रबर किंवा तत्सम काही घालावे. पावसाचे पाणी कोठेही साचू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो खरवडण्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे आणि मुलांना दूर ठेवावे. मुले शिल्पावर चढणारच, म्हणून धारदार कडा घासून बोथट कराव्यात. आणि दर पावसाळ्यापूर्वी रंगाची डागडुजी कोण करील व खर्च कोठून येईल, हे आजच ठरवावे. विक्रांतची कथा आपल्याला हेच शिकवते.

शेवटी एक विनंती. पायथ्याच्या पाटीवर देणगीदारांबरोबर संस्थापक भगिनींची नावे, शिवणवर्गाच्या शिक्षिकांची, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बायकांची आणि शिल्प जोडणाऱ्या कारागिरांचीही नावे असावीत. ज्यांच्या हातांनी हा कठडा झिजून गुळगुळीत झाला, त्यांचे हे स्मारक आहे. निर्णय आपण सर्वांनी मिळून घ्यावा. तोपर्यंत अंगणातली एकही वस्तू मोडवाल्याकडे जाऊ नये, एवढे सांगून मी आपली रजा घेते.