न हलणारे ओठ

आज ज्या नटाबद्दल बोलणार आहे, त्याच्यासाठी रेडिओ ही जागा फार चुकीची नाही. त्याची निम्मी कमाई आवाजाची होती. मिशेल लॉन्सडाल. जन्म 1931चा, पॅरिसमधला. वडील इंग्रज, म्हणून इंग्रजी चित्रपटांत तो मायकेल व्हायचा. दोन भाषा, दोन नावं, आणि प्रेक्षकाला बहुधा एकही आठवत नाही.

‘द डे ऑफ द जॅकल’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातला देखणा मारेकरी सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याच्या मागावर असलेला, झोप न झालेला पोलीस अधिकारी लबेल म्हणजे लॉन्सडाल. मंत्र्यांच्या बैठकीत तो फोनवरचं एक संभाषण ऐकवतो आणि गुपित कुणाच्या घरातून फुटतंय ते उघड होतं. नेमका हाच फोन कसा ओळखलात, असं विचारल्यावर म्हणतो, ओळखला नव्हता, म्हणून सगळ्यांचेच ऐकले. दुसऱ्या कुणी इथे टाळी घेतली असती. हा जमाखर्च सांगावा तसं सांगून मोकळा होतो.

हाच मऊ आवाज ‘मूनरेकर’मध्ये अख्खी मानवजात संपवायचे बेत करतो. जेम्स बाँडचा तो चित्रपट, खरं सांगायचं तर, पोरखेळच आहे. खलनायक मात्र जांभई दाबत असल्यासारखा बोलतो आणि त्यानेच भीती वाटते. त्रुफोच्या ‘स्टोलन किसेस’मध्ये तो चपलांच्या दुकानाचा मालक आहे. आपण कुणालाच का आवडत नाही, हे शोधून काढायला तो चक्क खासगी गुप्तहेरांकडे जातो! विनोदाचा लवलेश चेहऱ्यावर नाही, म्हणून हसू आवरत नाही.

पण मला सर्वांत मोठं वाटतं ते मार्गरीत द्युरासच्या 1975च्या ‘इंडिया साँग’मधलं काम. कथा 1930च्या दशकातल्या कलकत्त्याची, चित्रीकरण फ्रान्समधलं. पडद्यावर कुणाचेच ओठ हलत नाहीत, संवाद वेगळे ऐकू येतात. लॉन्सडाल झालाय लाहोरहून आलेला, सगळ्यांनी टाळलेला फ्रेंच उपवाणिज्यदूत. राजदूताच्या बायकोवर त्याचा जीव जडलाय. मेजवानीतून त्याला बाहेर काढतात आणि मग रात्रभर तिच्या नावाने फोडलेला टाहो ऐकू येत राहतो. दिसत कुणी नाही. मऊ बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यात एवढं साठलेलं असेल, याची कल्पनाच नसते.

फ्रान्सचा सेझार पुरस्कार त्याला मिळाला तो 2011मध्ये, वयाच्या 79व्या वर्षी, तोही सहायक अभिनेत्याचा. चित्रपट ‘ऑफ गॉड्स अँड मेन’. अल्जीरियातल्या मठात, मरणाच्या सावलीत राहणारे ख्रिस्ती साधू. लॉन्सडाल त्यांच्यातला वैद्य, ब्रदर ल्यूक. शेवटी शेवटी एका रात्री सगळे जेवायला बसतात. हा म्हातारा वाइनच्या दोन बाटल्या घेऊन येतो, टेपरेकॉर्डरवर चायकोव्हस्कीचं ‘स्वान लेक’ लावतो, आणि न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसतो.