माळवदाच्या फळ्या बदलताना



धर्माबाद, बिलोली, कंधार, मुखेड या आपल्या भागात माळवदाची घरे अजून तग धरून आहेत. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. खोलीत बसलेल्याला ते छत, वर गेलेल्याला ती जमीन. मिरच्या तिथेच वाळायच्या आणि उन्हाळ्यात रात्री अंथरुणेही तिथेच पडायची. आता मात्र एखादी फळी कुजली की घरात लगेच ठरते: माळवद उतरवा, पत्रे टाका. हा निर्णय घाईचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्रा तापला की खालची खोली तापलीच. माती सावकाश तापते. दुपारची धग खोलीत उतरेपर्यंत दिवस कललेला असतो आणि माणसे वर झोपायला निघालेली असतात. पण ही गोष्ट कोरड्या मातीची. भिजलेल्या मातीतून धग लवकर उतरते, तिचे वजन वाढते आणि फळीही कुजते.

वजनाचे दुखणे आपल्याला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर, किल्लारी-सास्तूर परिसरात गणेशविसर्जन करून झोपलेली हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. त्या धास्तीने कितीतरी गावांनी माळवदे उतरवली, आणि ती धास्ती खोटी नव्हती. दर पावसाळ्याआधी वर नवी माती पसरायची, जुनी तशीच राहायची. असे करत थर कुठे कुठे दोन फुटांवर गेला होता. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर कोरडी माती म्हणजे सुमारे साडेचार टन. दोन फुटांचे नऊ टन, तेही पावसात भिजण्याआधी.

पण त्याच भूकंपात काही घरांच्या भिंती ढासळल्या, तरी लाकडी सांगाडा उभा राहिला, हेही अभियंत्यांनी पाहिले. म्हणून नंतरच्या दुरुस्तीच्या सल्ल्यात दोन गोष्टी आल्या: मातीचा थर सुमारे २० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर आणावा आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत. फळ्या बदलायला माळवद उघडलेच आहे, तर ही दोन्ही कामे त्याच वेळी उरकून घ्यावीत.

काम चैत्रात धरा. आधी तुळयांखाली टेकू लावा, मगच माती उतरवा, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा; एकीकडचा भार गेला आणि दुसरीकडचा राहिला तर सांगाडा कलतो. माती फेकू नका, चाळून ठेवा. फळ्या उघड्या पडल्या की सुताराला भिंतीलगतच्या टोकांना पटाशी टोचून बघायला सांगा. फळी मधे ठणठणीत दिसते, पण भिंतीतल्या ओलीने तिचे टोक भुसभुशीत झालेले असते आणि पटाशी लोण्यात शिरावी तशी आत जाते. वाळवीची मातकट नळीही बहुधा तिथेच सापडते. मधला साग चांगला असेल तर टोक कापून ती फळी अरुंद खणाला वापरता येते. तुळईचे जे टोक भिंतीत जाणार, त्याला डांबर लावा आणि भोवती हवा खेळेल एवढी जागा सोडा.

नव्या फळ्यांवर आधी मातीचा पातळ थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, कागदावर उरलेली चाळलेली माती, अशी वीत भरू द्या. कागदाला पन्हाळीकडे उतार हवाच, नाहीतर पाणी आतच साचेल. वर उगवलेले गवत मात्र दर पावसाळ्यात उपटावे लागते, कारण त्याच्या मुळांशी पाणी मुरते. आणि पुढच्या वर्षी नवी माती टाकायची झाली, तर तेवढीच जुनी आधी खरवडून काढा. हे एवढे पाळले तर मृगापर्यंत माळवद तयार होते, आणि पत्र्याचा खर्च वाचतो.