माझा एकटीचा विमानप्रवास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहबाईंनी मला ‘प्रवासातले अनुभव’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. आपल्यापैकी कोणी काशी-रामेश्वर केले आहे, कोणी मुलाबाळांकडे अमेरिकेला जाऊन आल्या आहेत. मी काय सांगणार? मी गेले ती मुंबईहून नागपूरला. जेमतेम दीड तासांचा प्रवास. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, “एकटीने गेलात ना, मग तेच सांगा.” म्हणून हे धाडस.

आपण पार्लेकर बायका विमानांना नव्या नाही. पापड वाळत घालताना, दुपारी डोळा लागताना, हळदीकुंकवाच्या गप्पांत, विमान डोक्यावरून गेले की आपण क्षणभर बोलणे थांबवतो आणि मग पुढचे वाक्य पुरे करतो. लग्न होऊन या गावात आले त्याला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. इतक्या वर्षांत किती विमाने ऐकली, त्याची गणती नाही. पण बसले होते फक्त एकदा, २०१२ साली, दिल्लीला जाताना, आणि तेही यजमानांबरोबर. तिकीट त्यांच्या खिशात, ओळखपत्रे त्यांच्या खिशात, कुठे वळायचे ते त्यांना ठाऊक. मी आपली पर्स सांभाळत मागून चालले. त्याला प्रवास म्हणायचे की वरात, हे तुम्हीच ठरवा.

आता मूळ गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझे माहेर नागपूरचे. वडील टपाल खात्यात होते. ते आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगत की १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान आमच्या गावाला. ती सेवा पुढे बंद झाली, पण वडिलांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होती.

१९८७ साली आई आजारी असल्याची तार आली. ‘अत्यवस्थ, लगेच या.’ यजमान कचेरीच्या दौऱ्यावर होते. घरात सासूबाई म्हणाल्या, “एकटी कशी जाशील? सोबत पाहू.” धाकट्या भावजींना दुसऱ्या दिवशी रजा मिळाली, मग रात्रीची गाडी धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी घराच्या पायऱ्या चढले, तेव्हा सारे आटोपले होते. दोष मी कोणालाच देत नाही. त्या वेळची रीतच तशी होती, आणि मीही ‘मी निघते’ असे म्हटले नाही, हे विसरून चालणार नाही. पण पुष्कळ वर्षे मनात येत राहिले, की मुंबईचे पत्र एका रात्रीत नागपूरला पोचत होते, आणि मला तीन दिवस लागले.

आता २०२४ सालचा जानेवारी महिना. संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळी दहाला नागपूरहून भाचीचा फोन आला. ताई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, उद्या सकाळी नऊला शस्त्रक्रिया. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची. भाची म्हणाली, “मावशी, घाई करू नकोस, पण आई सारखी तुझे नाव घेते आहे.”

मुलाला कळवले. तो म्हणाला, “आई, शनिवारपर्यंत थांब. मला रजा मिळेल, मी तुला घेऊन जातो.” बोलला ते मायेनेच. पण ‘सोबत पाहू’ हे शब्द मी दुसऱ्यांदा ऐकत होते. मी त्याला म्हटले, “तू तिकीट तेवढे काढून दे, पैसे मी माझ्या बचतीतून देते. आजचेच काढ.” फोनवर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं.” ऐनवेळचे तिकीट फार महाग पडले. तो आकडा मी येथे सांगत नाही, नाहीतर पुढचे कोणी ऐकणार नाही.

सूनबाईने कागदावर सारे क्रमाने लिहून दिले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. पहिलेच वाक्य होते, ‘आई, टर्मिनल १, सांताक्रूझ. रिक्षावाल्याला दोनदा सांगा.’ आपल्याकडे देशातल्या देशात जाणारी विमाने दोन्ही टर्मिनलांवरून सुटतात. एक सांताक्रूझच्या बाजूला, दुसरे सहारला. एकातून दुसऱ्यात पायी जाता येत नाही, बाहेरून वाहनाने जावे लागते. चुकीच्या दारात उतरलात तर विमान आपल्यासाठी थांबत नाही. मी रिक्षावाल्याला तीनदा सांगितले.

दारावर जवानाने तिकीट आणि आधार कार्ड पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि आत सोडले. खिडकीवरच्या मुलीने मोठी बॅग वजन करून घेतली. तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर ‘एनएजी’ अशी तीन अक्षरे होती. प्रत्येक विमानतळाला अशी तीन अक्षरे असतात. नागपूरची एनएजी, आणि मुंबईची अजूनही बीओएम, म्हणजे जुने बाँबे. आपल्या सामानावर आपल्याच गावाची अक्षरे आहेत ना, एवढे तेथेच पाहून घ्यावे. मग ते सामान सरकत्या पट्ट्यावरून आत जाते आणि आपले हात मोकळे होतात.

सुरक्षा-तपासणीत मात्र माझी हातातली पिशवी बाजूला काढली. बायकांच्या तपासणीला बायकाच असतात, पडदा असतो, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. पण त्या जवान मुलीने पिशवी उघडावयास सांगितली आणि आतून काय काढले म्हणाल? सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या! ताईला आवडते म्हणून मी गावाकडचे खोबरे घेतले होते. ती म्हणाली, “आंटीजी, ये नहीं जाएगा.” मला वाटले थट्टा करते. चाकू नको, कात्री नको, हे समजते. पण खोबरे? मग तिने शांतपणे सांगितले, की सुक्या खोबऱ्यात तेल फार असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते हातातही चालत नाही आणि आत दिलेल्या सामानातही चालत नाही. जन्मभर खोबरे किसले, पण ही गोष्ट साठी उलटून गेल्यावर कळली! वाट्या तेथेच ठेवल्या. तिळगुळाचा डबा मात्र सुटला. मी एक वडी तिच्यापुढे धरली, तर ती हसून म्हणाली, “ड्यूटी है, आंटीजी.” आपल्या नातीच्या वयाची पोर, पण कामाला किती चोख!

आत जाऊन पासवर छापलेल्या क्रमांकाच्या दाराशी बसले आणि नाव पुकारण्याची वाट पाहू लागले. एस.टी. स्टँडवर, रेल्वे फलाटावर आपले सारे आयुष्य कर्ण्यावरच्या आवाजाकडे कान लावण्यात गेले. येथे कोणी काही पुकारीना. पाऊण तास झाला. शेजारून लादी पुसत चाललेल्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “आजी, इथं ओरडून सांगत नाहीत. त्या पाटीवर बघा.” मी उठून पाहिले तो आमचे दार बदललेले! पार दुसऱ्या टोकाला! साडीचा पदर खोचून निघाले. पोचले तेव्हा रांगेत शेवटची पाच-सहा माणसे उरली होती. त्या बाई भेटल्या नसत्या तर आज मी येथे दुसरेच भाषण करीत असते. त्यांचे नावही विचारावयास सुचले नाही, याची मला आजही लाज वाटते.

खिडकीची जागा मिळाली. विमान धावपट्टीवरून धावू लागले तशी मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. जमीन सुटली आणि क्षणात जुहूचा किनारा खाली आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले होते, एका लहानशा विमानातून, एकटेच. आणि १९३६ साली सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या बाईने लाहोरला साडी नेसून एकटीने विमान चालवले होते. मी तर नुसती बसले होते! हे आठवले आणि माझे मलाच हसू आले. हात सैल झाले.

कानात दडे बसू लागले तेव्हा तोंडात आवळासुपारी टाकली. आवंढा गिळला की कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडते आणि दडा सुटतो. तान्ही मुले उतरताना रडतात ती याचसाठी, त्या वेळी त्यांना पाजावे. समुद्रावरून वळसा घेऊन विमान पूर्वेकडे निघाले. संध्याकाळच्या उन्हात सह्याद्रीच्या कडा, मग तपकिरी जमीन, मग काळोख आणि त्यात गावांचे दिवे. रेल्वेने सारी रात्र घेणारा तो रस्ता. १९८७ साली याच रस्त्यावर मी खिडकीच्या गजांना डोके टेकून बसले होते, आणि मनात म्हणत होते, ‘आई, थांब.’ विमानात शेजारचा मुलगा झोपला होता, म्हणून मला मोकळेपणाने रडता आले.

नागपूरला उतरले, पट्ट्यावरून आपली बॅग आपण उचलली, आणि रात्री नवाच्या आत धंतोलीच्या इस्पितळात पोचले. ताई डोळे मिटून पडली होती. मी हात हातात घेतला. तिने डोळे उघडले, माझ्यामागे दाराकडे पाहिले आणि म्हणाली, “एकटीच आली का गं तू?”

म्हटले, “हो.”

ती म्हणाली, “बरं केलं. मागच्या वेळी आईनं फार वाट पाहिली तुझी.”

ती गोष्ट आम्ही दोघी सदतीस वर्षे एकमेकींशी बोललो नव्हतो. ती रात्र आम्ही बोलण्यात काढली. सकाळी तिला आत नेले तेव्हा शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे ती चौकटीची काठी घेऊन अंगणात फिरू लागली.

भगिनींनो, सोबत वाईट असे मी म्हणत नाही. सोबत मिळाली तर आनंदाने जावे. पण सोबत मिळेपर्यंत ज्याला थांबता येत नाही असे एखादे बोलावणे प्रत्येकीला केव्हातरी येते. त्या दिवशी शिकायला वेळ नसतो. म्हणून आधीच एकदा लहानसा प्रवास एकटीने करून पाहा. ओळखपत्र आपल्याच पर्समध्ये ठेवा. विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचा, सामान घेण्याची खिडकी सहसा तासभर आधी बंद होते. पाय दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही. पाटी पाहा. अडले तर विचारा, विचारणाऱ्या बाईला कोणीतरी वाट दाखवतेच.

आणि खोबरे मात्र घरी ठेवून जा.