गांधीसागराच्या काठाने, खडीच्या वाटेने
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावर गणपतीच्या दिवसांत नाटक होते, गाणे होते, मुलांच्या स्पर्धा होतात. सायकलीवर व्याख्यान बहुधा पहिल्यांदाच होत असेल. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, की सायकल हे निमित्त आहे. मला आज तुम्हाला मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांतल्या एका मोठ्या पाण्याच्या काठाने हिंडवून आणायचे आहे. ते पाणी म्हणजे चंबळ नदीवरचा गांधीसागर.

हे पाणी आपल्याला वाटते तितके परके नाही. चंबळ उगम पावते ती आपल्या महूजवळच्या जानापाव डोंगरात. आपल्या इंदूरची कान्ह नदी सरस्वतीला पोटात घेऊन पुढे क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळेला. म्हणजे कृष्णपुऱ्याच्या पुलाखालून जे वाहते ते शेवटी गांधीसागरात जाते. विसर्जनाच्या आणि नाल्यांच्या बाबतीत आपण काय करतो, त्याचा हिशेब खाली दीड-दोनशे किलोमीटरवरचे लोक मांडत असतात, एवढे या दिवसांत लक्षात ठेवले तरी पुरे.

धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १९५४ साली झाली आणि १९६० मध्ये ते पूर्ण झाले. उंची सुमारे ६२ मीटर, लांबी ५१४ मीटर, वीजघराची क्षमता ११५ मेगावॅट. ही वीज मध्य प्रदेश आणि राजस्थान निम्मी-निम्मी वाटून घेतात. धरणाची भिंत फार लांब नाही, कारण ती नदीच्या घळईत बांधली आहे. माळव्याच्या सपाट काळ्या मातीतून संथ येणारी चंबळ चौरासीगढपाशी एकदम विंध्याच्या वालुकाश्मात शिरते आणि कोट्यापर्यंत उंच कड्यांमधून वाहते. घळई अरुंद म्हणून भिंत आखूड. आणि मागचा प्रदेश सपाट म्हणून पाणी मात्र अफाट पसरले. तलाव भरला की त्याचा पसारा साडेसहाशे चौरस किलोमीटरांच्याही वर जातो.

आता सायकलीकडे येतो. तरुण मंडळी जिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात, तिला मी खडीची सायकल म्हणतो. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे, आणि चढासाठी हलके गिअर. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि मुरमावर, गाडीवाटेवर, कालव्याच्या कडेने न कुरकुरता चालते. अशी महागाची सायकल नसली तरी अडत नाही. रुंद टायरची कोणतीही दणकट सायकल इथे काम भागवते.

या भागात फिरायचे तर पायाखालची जमीन ओळखता आली पाहिजे. तलावाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला काळी माती. हिवाळ्यात ती दगडासारखी टणक, पण पावसात चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उत्तरेला पठारावर वालुकाश्माची फरशी, मुरूम आणि खडी. तिथे पाणी थांबत नाही, पण तीक्ष्ण दगड टायर चिरतात. आणि बाभळीचे काटे सगळीकडे!

काळ्या मातीचा हा गुण इतिहासातही नोंदला गेला आहे. १८०४ च्या उन्हाळ्यात कर्नल मॉन्सन कंपनीची फौज घेऊन मुकुंदरा खिंडीतून या मुलखात उतरला. जुलैच्या आरंभी त्याने हिंगलाजगढ घेतला. मग यशवंतराव होळकर चंबळ ओलांडून अंगावर येताच त्याने पाठ फिरवली. पाऊस सुरू होता, नद्या भरल्या होत्या, तोफा चिखलात रुतल्या आणि त्या निकाम्या करून तिथेच सोडाव्या लागल्या. आग्र्याला पोचेपर्यंत त्या फौजेची धूळधाण झाली. आपल्याला यातून घ्यायचा धडा साधा आहे : जुलै-ऑगस्टात इकडे चाके घेऊन जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

वाटा मी तीन सांगणार आहे.

पहिली भानपुऱ्याची. भानपुऱ्याला यशवंतराव होळकरांची छत्री आहे. मॉन्सनला पळवणारा हा राजा तह झाल्यानंतरही स्वस्थ बसला नाही. भानपुऱ्यात त्याने तोफा ओतण्याचा कारखाना उभा केला आणि १८११ मध्ये वयाच्या पस्तिशीत तिथेच त्याचा अंत झाला. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपण दरवर्षी करतो, ते योग्यच आहे. पण इंदुरातल्या किती मराठी घरांनी ही छत्री पाहिली आहे? छत्रीपासून निघून नवलीमार्गे हिंगलाजगढाकडे जाणारी वाट पठारावर चढते. जाऊन-येऊन एक पूर्ण दिवस ठेवावा. गडावरच्या परमारकालीन मूर्ती आपल्या इंदूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. त्या आधी पाहून मग गड पाहिला, तर रिकामे कोनाडे बोलू लागतात.

दुसरी वाट भानपुऱ्याहून गांधीसागर आणि तिथून नदी ओलांडून पलीकडे रामपुऱ्यापर्यंत. साठ-सत्तर किलोमीटरांची ही वाट बरीचशी डांबरी आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना जंगल आहे. भानपुऱ्याजवळ दरकी-चट्टान नावाची अरुंद गुहा आहे. तिच्या भिंतींवर आदिमानवाने दगडाने ठोकून केलेले पाचशेहून अधिक वाटीसारखे खळगे आहेत. पुढे चतुर्भुजनाथ नाल्यात खडकाच्या आडोशाला चित्रांची रांगच आहे. त्यांत चाकांचा रथसुद्धा आहे. या वाटेवर चाके किती जुनी आहेत, ते त्यावरून समजावे. चंबळच्या खोऱ्यात अशा चित्रांचा शोध घेत हिंडणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे आपलेच, नीमचला जन्मलेले. पलीकडचे रामपुरा होळकर राज्यात रामपुरा-भानपुरा जिल्ह्याच्या नावात होते. आज ते तलावाच्या काठावर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये धरणात अतोनात पाणी आले तेव्हा ते या गावात शिरले होते.

तिसरी वाट सर्वांत सोपी, कुटुंबासह जाण्यासारखी. नागदा–कोटा लोहमार्गावर शामगढला उतरायचे आणि खेड्यांतल्या रस्त्यांनी चंदवासा गाठायचे. जवळच धमनारच्या टेकडीवर धर्मराजेश्वराचे मंदिर आहे. ते वेरूळच्या कैलासासारखे वरून खाली एकाच खडकात कोरलेले आहे. आकाराने लहान, आणि दगड मात्र जांभा, आपल्या कोकणातल्या घरांचा. टेकडीच्या पोटात बौद्ध लेणी आहेत.

तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट मात्र कोणी धरू नये. पाण्याचे फाटे गावागावांत शिरलेले आहेत, आणि उत्तरेकडचा बराच भाग अभयारण्य आहे. १९७४ मध्ये जाहीर झालेले गांधीसागर अभयारण्य ३६८ चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. २० एप्रिल २०२५ रोजी तिथे कुनोहून आणलेले दोन चित्ते सोडण्यात आले. त्यांच्यासाठी ६४ चौरस किलोमीटरला कुंपण घातले गेले. काल ज्या वाटेने गुरे जात होती, ती आज बंद असू शकते.

आणि इथेच माझ्या मनातली मुख्य गोष्ट येते. सायकलवाल्यांना वाटते, की नकाशावर ओळ दिसली म्हणजे वाट आपलीच. तसे नाही. या काठावरच्या कितीतरी कुटुंबांची जुनी गावे, विहिरी, देवळे धरणाखाली गेली. वीज आपल्या घरी आली, पाणी शेजारच्या राज्यातल्या शेतांत गेले, आणि घरे त्यांची बुडाली. उरलेल्यांपैकी काहींची चराई आता कुंपणाने अडली आहे. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गहू-हरभरा पेरतात. तिकडे तिला ‘डूब’ची जमीन म्हणतात. शहरातून आलेल्याला ती मोकळी, सपाट, सायकल दामटायला मस्त वाटते. पण ते कुणाचे तरी शेत आहे, आणि तेही एकदा बुडालेल्या माणसाचे. त्यावर चाक घालायचे नाही. चित्त्यासाठी गुराख्याने वाट सोडली असेल, तर आपल्या हौसेसाठी आपण ती मागायची नाही.

म्हणून काही नियम आपणच पाळू या. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय शिरायचे नाही, आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचे. चित्रांना हात लावायचा नाही, पाणी शिंपडून फोटो काढायचा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत अफूची शेते फुलतात आणि फार देखणी दिसतात; ती परवान्याची शेती आहे, बांधाबाहेरूनच पाहायची, बोंड तोडायचे नाही. माणशी तीन लिटर पाणी, जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ ठेवायचे. टायरमध्ये हवा जरा कमी भरायची, म्हणजे खडीवर पकड राहते आणि मनगटे दुखत नाहीत. चार जणांपेक्षा कमी निघायचे नाही. आणि खायचे ते गावातल्या टपरीवर, पैसे देऊन. त्यांच्या गावातून जातो तर चार पैसे तिथे राहावेत.

काही पालक विचारतील, मोटारीने जाता येत असताना हा खटाटोप कशाला? मोटारीतून भानपुरा ते रामपुरा दोनेक तासांत होते, पण काच खाली होत नाही. सायकलवरच्या माणसाला शेतातला माणूस हाक मारतो, कुठून आलात विचारतो. आपणही विचारतो, की काका, तुमचे जुने गाव कुठे होते? मग तो पाण्याकडे बोट दाखवतो. होळकरांचा इतिहास आपण पुस्तकात वाचतो, धरणाची आकडेवारी वर्तमानपत्रात. त्या दोन्हींच्या मध्ये राहणारी माणसे त्या वेगाने गेल्याशिवाय भेटत नाहीत.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. येत्या डिसेंबरात मंडळाने भानपुऱ्याची दोन दिवसांची सहल ठरवावी. ज्येष्ठांसाठी बस, तरुणांसाठी सायकली. पहिल्या दिवशी सर्वांनी छत्रीवर फुले वाहावीत. दुसऱ्या दिवशी तरुणांनी पठाराची वाट धरावी, आणि ज्येष्ठांनी धरणाच्या काठी बसून त्यांची वाट पाहावी. निघण्याआधी एखाद्या रविवारी संग्रहालयात जाऊन हिंगलाजगढच्या मूर्ती पाहून घ्याव्यात. नावे द्यायची असतील त्यांनी आज आरतीनंतर कार्यवाहांकडे द्यावीत. दुचाकीची घंटा वाजवण्याइतकी ताकद ज्यांच्या अंगठ्यात आहे, त्या सर्वांना निमंत्रण आहे.

 गणपती बाप्पा मोरया!