पडद्यासमोरची जळजळ

१९८०च्या दशकात स्वीडन, नॉर्वेच्या कचेऱ्यांत टेबलांवर संगणकाचे पडदे आले आणि काही कर्मचाऱ्यांचे चेहरे लाल होऊ लागले. कातडी जळजळायची, थकवा यायचा. दोष गेला विजेवर. मग चाचण्या झाल्या. विद्युतचुंबकीय क्षेत्र कधी चालू, कधी बंद. समोर बसलेल्याला मात्र त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. २००५ साली अशा ३१ प्रयोगांचा आढावा निघाला. क्षेत्र चालू आहे हे या लोकांना जाणवतं, याचा भक्कम पुरावा काही मिळाला नाही. म्हणून त्रास खोटा होता, असं मात्र नाही बरं का! क्षेत्र बंद असतानाही अनेकांचं डोकं खरोखर दुखत होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आधी खोलीतली हवा, दिव्यांची लुकलुक, पडद्यावरची चकाकी, बसण्याची पद्धत तपासा. आणि हो, कामाचा ताणही.